सक्तीची भरती, नवखा जवान आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात युक्रेनवर लिहिताना एक ओळ होती, की एप्रिल २०२४ मध्ये तिथं लढाईसाठी बोलवायचं किमान वय २७ वरून २५ वर आणलं. त्या एका ओळीवर भरपूर पत्रं आणि मेल आले. सारखे प्रश्न एकत्र करून काही निवडक इथं घेतोय.

प्रश्न : आमच्या मित्रांच्या ग्रुपवर रोज वाद चालतो. अर्धे म्हणतात इस्रायल, कोरियासारखी आपल्याकडे पण दोन वर्षं सक्तीची करा म्हणजे पोरांना शिस्त लागेल. बाकीचे म्हणतात धरून आणलेली पोरं काय डोंबल लढणार. खरं काय? – एक वाचक, कराड

उत्तर : धरून आणलेली पोरं लढत नाहीत हे खरं नाही, आणि सक्ती केली की सैन्य तयार झालं हे तर अजिबातच खरं नाही. दोन्ही गोष्टी एकाच लढाईत दिसतात म्हणून तीच सांगतो.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत युनियनने फिनलंडवर हल्ला केला. दोन्हीकडची सैन्यं सक्तीच्या भरतीचीच होती, दोन्हीकडं शेतकरी, लाकूडतोडे, कामगारांचीच पोरं होती. सुओमुस्सालमी नावाच्या गावाजवळ रशियाची एक डिव्हिजन (म्हणजे काही हजार जवानांची मोठी फौज) अडकली होती, तिच्या मदतीला राटे नावाच्या जंगलातल्या एकुलत्या एक रस्त्यानं ४४ वी डिव्हिजन आली, रणगाडे, तोफा, ट्रक सगळं घेऊन. ही डिव्हिजन युक्रेनमधून आणलेली, म्हणजे सपाट मुलखातली माणसं, आणि थंडी उणे तीस-चाळीस. स्की दिले होते पण त्यावर चालायला कोणी शिकवलं नव्हतं. बर्फात लपायला पांढरे कपडे नव्हते. वरचे अनुभवी अधिकारी स्टालिनने १९३७-३८ च्या साफसफाईत मारले नाहीतर तुरुंगात टाकलेले, त्यामुळं खालच्यांना एकदम वरती चढवलेलं. समोरचे फिन पण व्यावसायिक सैनिक नव्हते, पण त्यांना ऑक्टोबरपासूनच उजळणीच्या ट्रेनिंगसाठी म्हणून बोलावून घेतलं होतं, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी कित्येक आठवडे ही माणसं एकत्र राहिली, खंदक खणले, आपापल्या हद्दीतल्या वाटा पायाखाली घातल्या. पलटणी गावागावच्या, शेजारी उभा असलेला माणूस ओळखीचा. त्यांनी त्या लांबच्या लांब रस्त्यावरच्या फौजेचे तुकडे पाडले, रात्री स्कीवरून यायचे, आधी स्वयंपाकाच्या गाड्या उडवायचे, शेकोट्यांवर गोळ्या घालायचे आणि जंगलात गायब. जानेवारी १९४० च्या पहिल्या आठवड्यात ४४ वी डिव्हिजन संपली. तिच्या कमांडरला, विनोग्रादोव्हला, रशियन लोकांनीच जवानांसमोर उभं करून गोळ्या घातल्या. त्या पोरांना स्की कोणी शिकवायला हवं होतं याचा जाब मात्र मॉस्कोत कोणी दिला नाही, आणि मला यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट हीच वाटते. (फिनलंडला शेवटी मार्च १९४० मध्ये मुलूख सोडून तह करावाच लागला, ते विसरून नुसती वीरकथा सांगू नये.)

तेव्हा पोरगं स्वखुशीनं आलं की कायद्यानं आणलं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की त्याला शिकवलं कोणी, किती दिवस शिकवलं आणि कोणाच्या शेजारी उभं केलं. फिनलंडमध्ये आजही सक्ती आहे, १६५, २५५ किंवा ३४७ दिवस, कामाप्रमाणे. सेक्शन आणि प्लॅटून, म्हणजे छोट्या तुकड्या, चालवणारे बरेचसे त्याच मुलांमधून निवडतात, त्यांना सगळ्यात जास्त म्हणजे ३४७ दिवस ठेवतात, आणि जी तुकडी एकत्र शिकली ती होता होईल तो एकत्रच राखीव यादीत टाकतात. उद्या बोलावणं आलं तर पोरगं अनोळखी माणसांत जाऊन पडत नाही.

आता शिस्तीचं. पोरं बिघडलीत म्हणून सैन्यात घाला हा विचार मला मनापासून चुकीचा वाटतो. आपल्याकडे दरवर्षी एक कोटीहून जास्त मुलगे अठरा वर्षांचे होतात, आपलं लष्कर सगळं मिळून बारा लाखांच्या आसपास. एवढ्या पोरांना शिकवायला उस्ताद कुठून आणणार? आहेत ते सगळे हवालदार, नायक सीमेवरून उचलून सेंटरला आणावे लागतील, मग सीमेवर कोण? माझी काही वर्षं ट्रेनिंग सेंटरला गेली. तिथं एक गोष्ट नेहमी दिसायची, सरावात जवळ स्फोट झाला किंवा डोक्यावरून गोळी सणसणत गेली की नवे रंगरूट न सांगता एकमेकांजवळ सरकतात. भीती वाटली की माणूस माणसाजवळ जातो, त्यात त्यांची चूक नाही. पण खऱ्या लढाईत घोळका झाला की एकाच बॉम्बमध्ये सगळे जातात. उस्ताद घसा फाटेपर्यंत "फैल जाओ, फैल जाओ" ओरडत असतो, आज, उद्या, परवा, आणि एक दिवस पोरं ओरडायच्या आधीच पांगतात. हे सवयीनंच येतं, भाषण देऊन येत नाही, आणि ती सवय लावणारा माणूस तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात.

प्रश्न : भारत सरकारला सक्तीची भरती करायचा कायदेशीर अधिकार आहे का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आहे. राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे, पण त्याच्याच दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला ठेवलीय, फक्त त्यात धर्म, जात, वंश, वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. कलम ५१ क मध्ये बोलावणं आल्यावर देशाचं रक्षण करणं हे मूलभूत कर्तव्यात धरलंय. प्रत्यक्षात स्वतंत्र भारतात कधी सैन्यात सक्ती झाली नाही. जवळ जाणारी एकच गोष्ट झाली, १९६२ च्या पराभवानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची केली आणि १९६८ मध्ये ती परत ऐच्छिक करावी लागली. तुमच्या घरात आजोबा त्या काळात कॉलेजात असतील तर त्यांना जरूर विचारा.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात एकावरही सक्ती नव्हती, जगातलं सगळ्यात मोठं स्वयंसेवी सैन्य म्हणून आपण अभिमानानं सांगतो. मग मलाया आणि सिंगापूरला एवढी दाणादाण का उडाली? – एक इतिहासप्रेमी, पुणे

उत्तर : हा प्रश्न आल्याचा खरंच आनंद झाला, कारण यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. स्वखुशीनं आलेला जवान सुद्धा कच्चा असला तर त्याची तीच गत होते जी राटेच्या रस्त्यावर झाली.

१९३९ मध्ये भारतीय सैन्य साधारण दोन लाखांचं होतं, युद्ध संपेपर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. एवढं फुगवायचं तर नवीन पलटणी उभ्या करायच्या, आणि नवीन पलटणीला कणा हवा म्हणून जुन्या पलटणीतून चांगले सुभेदार, हवालदार, नायक काढून घ्यायचे. एकदा, दोनदा, तीनदा. इंग्रज अधिकारी याला दूध काढणं म्हणायचे. झालं असं की जुनी पलटण पातळ झाली आणि नवीन घट्ट झालीच नाही.

४५ वी भारतीय ब्रिगेड यातलीच. १९४१ मध्ये उभी राहिली, राजपुताना रायफल्स, जाट आणि गढवाल अशा तीन पलटणी, त्यात पुष्कळ पोरं सतरा-अठराची. त्यांना जे काही थोडंफार शिकवलं ते वाळवंटासाठी, कारण पाठवायचं होतं इराककडं. ऐनवेळी जहाजं वळवली आणि जानेवारी १९४२ मध्ये ही पोरं मलायात मुआर नदीच्या काठावर, रबराच्या मळ्यांत आणि जंगलात, समोर जपानची इम्पीरियल गार्ड्स डिव्हिजन. आठवड्याभरात ब्रिगेड मोडली, ब्रिगेडियर डंकन मारले गेले. माघार घेताना पारित सुलोंगच्या पुलाजवळ जे ऑस्ट्रेलियन आणि भारतीय जखमी मागं ठेवावे लागले त्यांना जपान्यांनी ठार मारलं. तिकडं सिंगापूरला त्याच महिन्यात कुमक म्हणून जे हजारो भारतीय जवान उतरवले तेही असेच अर्धवट शिकलेले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ही पोरं भित्री होती असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी त्यांना तसं बोटीत चढवलं त्यांच्याबद्दल बोला.

पुढचं मात्र सगळ्यांना माहीत असायला हवं. १९४३ मध्ये बर्मातल्या आराकानमध्ये परत मार खाल्ल्यावर एक समिती बसवली आणि तिनं अगदी साधी गोष्ट सांगितली, की सेंटरमधून पास झालेल्या रंगरूटाला थेट आघाडीवर पाठवू नका. १४ वी डिव्हिजन लढाईतून काढून पूर्ण ट्रेनिंगची डिव्हिजन केली आणि ती बसवली छिंदवाड्याला, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या जंगलात. तिथं पोरांना आणखी दोन महिने जंगलात ठेवायचे. रात्री चालणं, आवाज न करता पाणी ओलांडणं, गस्त घालणं, वेढा पडला तरी जागा न सोडता लढणं, आणि शिकवणारे बर्मा बघून आलेले. १९४४ मध्ये इम्फाळ-कोहिमाला जे सैन्य जपान्यांसमोर उभं राहिलं ते याच बदलातून गेलेलं होतं. मार्च १९४४ ला मणिपूरमधल्या सांगशाकला एका ब्रिगेडनं वेढ्यात जे दिवस काढले त्यात मराठा लाईट इन्फंट्रीची चौथी पलटण होती, पाणी नाही, खडकाळ जमिनीत धड खंदक खणता येईनात, तरी त्या ब्रिगेडनं जपान्यांना तिथं अडवून धरलं आणि त्या दिवसांत मागं इम्फाळ-कोहिमाला तयारीला वेळ मिळाला.

देश तोच, भरती तशीच, पोरं त्याच गावांची. मुआर आणि सांगशाकमध्ये दोनच वर्षांचं अंतर आहे.

प्रश्न : रशियाकडं तर एवढं मोठं सैन्य, सक्ती पण जुनी. तरी त्यांचे नवीन जवान एवढे का मरतात? आणि युक्रेनचं तरी बरं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रशियाचं दुखणं जुनं आहे. ३१ डिसेंबर १९९४ ला त्यांनी चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत रणगाडे घुसवले. संरक्षण मंत्री ग्राचेव्ह त्याआधी म्हणाले होते की एक पॅराशूट रेजिमेंट दोन तासांत शहर घेईल. आत गेलेली मायकोपची १३१ वी ब्रिगेड रेल्वे स्टेशनपाशी घेरली गेली आणि तिचे बहुतेक रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथंच जळाल्या, कमांडर कर्नल साविन पण गेले. बऱ्याच तुकड्या इकडून तिकडून माणसं गोळा करून घाईघाईत जोडलेल्या. गाडी चालवणारा, तोफ चालवणारा आणि मागं बसलेले जवान यांची ओळख होऊन काही दिवसच झालेले, शहराचे धड नकाशे नाहीत, आणि मागं बसलेल्यांना गाडीतून उतरून गल्लीत पसरायचं असतं हेच कोणी घोटून घेतलेलं नाही, त्यामुळं ते गाडीतच बसून राहिले. चेचन लोक पहिली आणि शेवटची गाडी रॉकेटनं उडवायचे, मग मधले अडकायचे.

त्यावेळी रशियातल्या आया स्वतः चेचन्यात गेल्या. जवानांच्या मातांची समिती होती, तिच्यातल्या बायका गावोगाव फिरून, चेचन कमांडरांशी बोलून कैदेतली आपली पोरं शोधायच्या, काहींनी घरी आणली सुद्धा. १९९६ मध्ये त्या समितीला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. सैन्यातली पोरं जुन्या शिपायांच्या मारहाणीनं मरतात हे पण या बायकांनीच जगासमोर आणलं. जिथं जुना नव्याला शिकवायचं सोडून छळतो तिथं ट्रेनिंगचे दिवस कितीही वाढवा, फायदा शून्य.

२१ सप्टेंबर २०२२ ला पुतिन यांनी तीन लाख राखीव लोकांना बोलावलं, आणि त्यातले काही तर थोड्याच आठवड्यांत आघाडीवर होते. १ जानेवारी २०२३ ला युक्रेनच्या रशियानं घेतलेल्या भागातल्या माकिइव्कामध्ये एका शाळेच्या इमारतीत अशाच लोकांना एकत्र ठेवलं होतं, तिच्यावर युक्रेनची रॉकेट पडली. रशियानंच ८९ मेले असं मान्य केलं आणि दोष दिला जवानांच्या मोबाईलला. एवढी माणसं एका छपराखाली, आघाडीच्या इतक्या जवळ कोणी झोपवली यावर मोबाईलएवढी चर्चा झाली नाही.

युक्रेनचंही सगळं बरं आहे असं नाही. त्यांची १५५ वी ब्रिगेड, जिचं नाव कीव्हच्या राजकन्या आनच्या नावावरून ठेवलं, तिचे बरेच जवान फ्रान्समध्ये जाऊन शिकून आले. पण त्याच काळात तिच्यातली तयार माणसं काढून दुसऱ्या तुकड्यांना दिली गेली आणि जागी नवीन भरली, पुढं मोठ्या संख्येनं जवान पळून गेल्याचं बाहेर आलं आणि जानेवारी २०२५ च्या सुमारास चौकशी लागली. वर ४५ व्या ब्रिगेडचं वाचलंत ना, तेच. ऐंशी वर्षांनी परत तेच. त्यांची अडचण मला समजते, आघाडीला भगदाड पडलं की जो हातात आहे तो पाठवावा लागतो, पण त्याची किंमत त्या पोरांनी दिली हे तरी मान्य करावं.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं सिंगापूरला आहोत, पीआर (तिथं कायम राहायचा परवाना) आहे. मुलगा पुढच्या वर्षी अठराचा होईल, नॅशनल सर्व्हिसचं पत्र येणार. बायको फार घाबरलीय. – एक वडील, सिंगापूर

उत्तर : वहिनींना सांगा, घाबरण्यासारखं फार नाही पण तयारी आत्तापासून हवी. आईवडिलांच्या पीआरवर ज्या मुलांना पीआर मिळतो त्यांना तिथली दोन वर्षं करावीच लागतात. १९६७ पासून हे चालू आहे आणि त्यांची घडी नीट बसलेली आहे. बहुतेकांचं सुरुवातीचं ट्रेनिंग पुलाऊ टेकोंग बेटावर होतं, काही आठवडे, शनिवार-रविवारी पोरं घरी येतात. आधीच फिटनेस चांगला असला तर सुरुवातीचा काळ कमी होतो, म्हणून आजपासून २.४ किलोमीटर पळणं, पुशअप आणि सिटअप सुरू करायला लावा, त्यांच्या टेस्टमध्ये हेच तीन असतं. दोन वर्षांनंतर पण वर्षातून ठरावीक दिवस बोलावणं येतं, चाळीशीपर्यंत, अधिकारी झाला तर पन्नाशीपर्यंत. पीआर सोडून पळवाट काढायचा विचार असेल तर नीट विचार करा, पुढं तिथं शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला तर ते बघतात.

दम्याचा किंवा उन्हाचा त्रास असेल तर मेडिकलला लपवू नका. पोरं मित्रांसमोर लाज वाटते म्हणून सांगत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेलाय, बेळगावला जायचंय. सहा महिन्यांत तो काय शिकणार? लगेच बॉर्डरवर टाकतील का? झोप लागत नाही. – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्याचं अभिनंदन. तुमची काळजी अगदी खरी आहे म्हणून सरळ सांगतो.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली, चार वर्षांची नोकरी, ट्रेनिंग त्यातच धरलेलं. पायदळातलं ट्रेनिंग साधारण सहा-सात महिन्यांचं, पूर्वी यापेक्षा जास्त असायचं. पण ट्रेनिंग संपल्यावरची कसम परेड झाली की तो सगळ्या नवख्यांच्या टोळीत जात नाही, तो एका चालत्या पलटणीत जातो. दहा जणांचं सेक्शन, त्यावर हवालदार, खाली नायक, लान्स नायक, वरती सुभेदार साहेब. खरं शिक्षण तिथंच सुरू होतं. पलटण काश्मीरला गेली तरी आधी कोअर बॅटल स्कूलमध्ये, खोऱ्यात ख्रूला तसं स्कूल आहे, तिथं काही आठवडे तिथल्या परिस्थितीचं ट्रेनिंग घेतल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. उंचावर न्यायचं असेल तर टप्प्याटप्प्यानं नेतात, आधी सहा दिवस, मग आणखी उंचीवर चार, मग परत चार, म्हणजे शरीराला सवय होते.

हे सगळे नियम फुकट मिळालेले नाहीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीवर आपली ७ वी ब्रिगेड चिनी सैन्यासमोर उभी केली होती, ते जवान कच्चे नव्हते, चांगल्या नावाजलेल्या पलटणी होत्या. पण अंगावर सुती कपडे, गोळ्या मोजक्या, हवेची सवय नाही, जागा चुकीची. २० ऑक्टोबरच्या सकाळी काही तासांत ब्रिगेड गेली. तेव्हापासून उंचीवर जवान कसा न्यायचा हे लष्करानं फार गंभीरपणे घेतलंय.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच कायम राहणार. चौथ्या वर्षी जवान कुठं चांगला तयार झालेला असतो, आणि पुढचा नायक, हवालदार त्याच्यातूनच व्हायचा. आज तुमच्या मुलाच्या डोक्यावर जुने हवालदार आहेत, दहा वर्षांनी येणाऱ्या पोरांना तसेच मिळतील का, हे पंचवीसचं प्रमाण वाढवण्यावर अवलंबून आहे आणि ते वाढवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या हातात आहे ते सांगतो. जायच्या आधी बूट घालून पळायची सवय लावा, नवे बूट सेंटरला जाऊन पहिल्यांदा घालणाऱ्याचे पाय पहिल्या आठवड्यात फुटतात. थोडी हिंदी बोलायला लावा. आणि फोनवर तो रडला तर परत ये म्हणू नका, पहिले तीन आठवडे सगळेच रडतात. पण कोणी मारतंय असं म्हणाला तर मात्र गप्प बसू नका, कंपनी कमांडरना भेटायची वेळ मागा.

प्रश्न : एजंट म्हणतो रशियात आर्मीमध्ये हेल्परचं काम आहे, लढायचं नाही, पगार लाखांत. भावाची भरती दोन वेळा हुकलीय, तो तयार झालाय. – एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : पाठवू नका. आजच थांबवा. अशाच बोलण्याला फसून गेलेली भारतीय पोरं रशियन भाषेतल्या करारावर सह्या करून बसली, थोड्या दिवसांच्या ट्रेनिंगवर आघाडीला गेली आणि त्यातली काही परत आली नाहीत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं या एजंटांवर गुन्हा दाखल केला, जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, त्यानंतर बरीच पोरं सोडवली पण सगळी नाही. तिथं त्याला शिकवायला कोणी उस्ताद नसेल, भाषा कळणार नाही, शेजारचा कोण ते माहीत नसेल.

पैसे दिले असतील तर पावती, चॅट, फोन रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. परदेशातली कुठलीही नोकरी असली तरी एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाईटवर नोंदलेलं आहे का ते आधी बघा. पासपोर्ट त्याच्याकडं दिला असेल तर आधी तो परत घ्या. आणि भावाचं वय बसत असेल तर पुढच्या भरतीची तारीख बघून त्याला मैदानावर पाठवा, दोन वेळा हुकलेली बरीच पोरं तिसऱ्या वेळी लागतात.